ब्रेकात करडीचं तेल

आम्हा दोघांचं शेवटचं काम म्हणजे ब्रेकची हवा काढणं. दसरा तोंडावर आला होता, गाडी पुजायची होती, म्हणून दुपारी जेवणं झाल्यावर मी पत्र्याच्या शेडात गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलो अन् ती पदर खोचून ड्रायव्हरच्या शिटावर बसली. हे काम एकट्याचं नाही. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पॅडल पायाखाली ओल्या उशीसारखं मऊ लागतं. मग एकानं वर बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकामागचं निपल पान्यानं ढिलं करायचं, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडले की पुन्हा आवळायचं, अन् वरच्यानं तेव्हाच पाय सोडायचा. आधी सोडला तर निघालेली हवा परत आत. असं चारी चाकांना. लग्न झाल्यापासून खाली मी अन् वर ती.

"दाब," मी खालून म्हणलो.

"मोठ्यानं बोला. ऐकू येत न्हाई."

"दाब!"

"दाबलं."

"धर... सोड."

"सोडलं. ह्या शिटाची स्पिरिंग माझ्या कंबरंत घुसायलीय. उद्यापासून सुनंला बसवा हितं."

"तिला पॅडल कुठलं आन् क्लच कुठला ते कळंना."

"मला तरी कुठं कळत व्हतं? तुमी वरडून वरडून शिकवलं."

"मी कुठं वरडतो? तूच म्हणतीस मोठ्यानं बोला."

"म्हणून तर जमलं."

तीन चाकं झाली अन् ती खाली उतरली. म्हणली, "चौथं ऱ्हाऊ द्या सकाळच्याला. पाय भरून आलाय, आन् भाकरी टाकायच्यात." मी म्हणलो, ब्रेकचं काम अर्धं सोडायचं न्हाई, तुला ठाऊक हाय. "ठाऊक हाय की. पर गाडी कुठं सासरी चाललीय? दगड लावा चाकाला." मी दगड लावला. दिवेलागणीला तिनं तव्यावर भाकरी टाकली अन् ती उलटायला तिचा हात उठलाच नाही. सुनेनं हाक मारली तेव्हा मला आधी करपल्या भाकरीचा वास आला, मग हाक कळली. डॉक्टर म्हणला, काळीज बंद पडलं.

तिचं नाव मी तिच्यासमोर कधी घेतलं नाही, तिनं माझं घेतलं नाही, तेव्हा ते इथंही लिहीत नाही. लिहायला बसलो ते एवढ्यासाठी की आमच्या गाडीची गोष्ट नातवंडांना तीच सांगायची. हातवारे करून, माझ्या मामाचा आवाज काढून, स्वतःच आधी हसून. पोरं गडाबडा लोळायची. गोष्ट सुरू झाली की मी चप्पल घालून बाहेर जायचो. पोरांना वाटायचं आबाला गोष्ट पाठ झालीय म्हणून कंटाळा आला. कंटाळा नव्हता, शरम होती. आता सांगणारी गेली. माझ्या हातून ती गोष्ट हसत निघायची नाही, जशी घडली तशी निघेल. मी पाचवी शिकलेला माणूस. कुठं अक्षर चुकलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

माझा बाप, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, सेलूला एका जिनिंगच्या मालकाकडं ड्रायव्हर होता. मालकाच्या थोरल्या पोरानं हौसेनं हैदराबादेहून एक विलायती गाडी आणलेली. दोनच माणसांची, टप उघडणारी, नाक लांबलचक, अन् बुडाला इतकी खाली की आत बसलं तर रस्त्यावर मांडी घातल्यासारखं वाटावं. पुढं जिनिंग बसलं, पोरगा मुंबईला गेला, गाडी सरकीच्या गोदामात धूळ खात राहिली. मालक अण्णाला म्हणला, सांभाळली तूच, आता तूच ने. अण्णानं ती देवगाव फाट्याजवळच्या आमच्या खेड्यात आणली त्या दिवशी सगळं गाव गोळा झालं. एक म्हातारी गाडीभोवती फिरून म्हणली, "आरं, नवराबायको बसल्यावर लेकरं कुठं ठिवायची हिच्यात?" कुणीतरी म्हणलं, "टोपल्यात घालून नाकावर बांधायची." गाव हसलं. अण्णा हसला नाही. तो मालकाकडची काळी टोपी घालून सरळ बसला होता, जसा काही मागं मालक बसलाय. मागं शीटच नव्हतं.

गाडी चालायची कमी अन् दुरुस्त व्हायची जास्त. तिचे नट विलायती मापाचे, सेलूच्या बाजारातला पाना त्यांना एकतर सैल नाहीतर घट्ट. एखादा नट पडला की अण्णा मला पिठाची चाळणी घेऊन अंगणातली माती चाळायला लावायचा, अन् माय चाळणीपायी आम्हा दोघांच्या सात पिढ्या काढायची. पेट्रोल पुढं ढकलायला मागच्या अंगाला विजेवरचा पंप होता. चावी फिरवली की तो टक, टक, टक करायचा अन् पेट्रोल भरलं की गप व्हायचा. मायला चुलीपाशी वाटायचं पाल चुकचुकली. ती भुईवर बोटं टेकवून "कृष्ण कृष्ण" म्हणायची. कितीदा सांगितलं, माय, पंप हाय त्यो. "आसंल पंप. पर चुकचुकला का न्हाई?" कधी पंप अडकायचा, टकटक येत नसे, मग पान्याच्या दांड्यानं त्याला हळूच ठोकायचं. आज त्या जागी दुसरा पंप आहे, तो मुका आहे. पण चावी फिरवली की माझा कान अजून मायच्या आवाजाची वाट बघतो.

इंजिनाला दोन कार्बरेटर. दोघांनी सारखा श्वास घ्यायला पाहिजे, नाहीतर गाडी लंगडते. अण्णा रबरी नळीचं एक टोक कानाला अन् दुसरं आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या तोंडाशी धरायचा. मग नळी माझ्या कानाला. "ऐक. ह्यो सूं करायलाय आन् त्यो फूं. दोगं सूं कराय पायजेत." स्क्रू पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं, अशी सगळी दुपार. माझ्या वयाची पोरं औतामागं रान तुडवायची अन् जाता जाता कुडावरून ओरडायची, "काय रं डाक्टर, नाडी लागली का?" मी मान खाली घालायचो. पुढं याच सूं अन् फूंवर मी पोट भरलं, गॅरेज टाकलं, पोरं शिकवली. तरी ती मान खाली घातलेली आठवते. अण्णाला ते दिसायचं. तो नळी माझ्या कानाला आणखी घट्ट दाबायचा.

पेडगावकडून माझ्यासाठी सोयरीक आली. रब्बीच्या पेरणीचे दिवस होते, रानात ओल होती, कुणाला फुरसत नव्हती. तरी मुलीचा बाप म्हणला, एक दिवस सवडीनं येऊन पोरगी बघून जा. माय म्हणली, रेल्वेनं जावा. अण्णा म्हणला, मोटारीनंच. आता ब्रेकचं तेल संपत आलेलं अन् सेलूत ते मिळेना. अण्णाला कुणीतरी जुन्या ड्रायव्हरनं सांगितलेलं की विलायती ब्रेकच्या तेलात एरंडेल असतं. एरंडेल घरात नव्हतं. करडी होती, घाण्यावरून नुकती आणलेली, मायनं डब्यात झाकून ठेवलेली.

"अवो, खायचं तेल गाडीला पाजता का काय?" माय म्हणली.

"एरंडेल बी बियाचं, करडी बी बियाची. तिला विलायती खाणं मिळंना, आता आपलं खाईल."

तेल घातलं अन् हवा आम्हीच काढली, अण्णा वर, मी खाली. पॅडल दगडासारखं कडक झालं. अण्णानं माझ्याकडं बघून मिशीला हात लावला. आज गॅरेजात कुणी ब्रेकात भलतं तेल घातलेलं दिसलं की मी त्याला रबराचं वायसर काढून दाखवतो, फुगून भिजल्या हरभऱ्यासारखं झालेलं. वायसर फुगलं की ब्रेक धरतो पण सोडत नाही. पण ते एका दिवसात होत नाही. चार दिवस गाडी शहाण्यासारखी चालली.

पोरगी बघायच्या दिवशी अण्णा टोपी घालून, मी नवा सदरा घालून, अन् माझा मामा मागं दुमडलेल्या टपावर फेटा धरून बसलेला, असे निघालो. अर्ध्या वाटेत गाडी जड झाली. अण्णा जोर देतोय अन् ती मागं ओढतेय. तेवढ्यात मामा नाक वर करून म्हणला, "कुणाच्या रानात भजी तळायलेत रं? वास लय झ्याक यायलाय." आणखी थोडं गेलो. "दाजी, वास आपल्या संगच यायलाय." चाकं तापून लाल झाली होती अन् फुगल्या वायसरातनं गळालेली करडी त्यावर तळून निघत होती. नातवंडं या जागी सगळ्यात जास्त हसायची. ती मामासारखं नाक वर करायची. पेडगावच्या अलीकडं, गाव ओढ्यापल्याड दिसत असताना, चारी चाकं जाम झाली अन् गाडी रस्त्यातच बसली.

अण्णा धुतल्या कपड्यांनिशी खाली शिरला. त्यानं निपलं ढिली केली, तेल पिचकाऱ्या मारत मातीत गेलं, चाकं मोकळी झाली. पण आता पॅडल पार तळाला जात होतं. हातब्रेकची तार कधीची तुटलेली, तिथं सुतळी बांधलेली. इंजिन तापून बंद पडलं ते सुरू होईना. आम्हाला उशीर झाला म्हणून मुलीचा बापच बघायला आला, पेरणी सोडून, बैलजोडी घेऊनच. काळासावळा, ठेंगणा माणूस, अंगात बंडी. घामानं डबडबलेला, पण त्यानं आधी आमच्या पाया पडायला हात पुढं केले.

"राम राम पाव्हणं. गाडी रुसली व्हय? जुपतो बैल. गाव काय, हे हितं." दोर बांधला, उताराच्या तोंडाशी आला अन् थांबला. "म्होरं उतार हाय. ब्रेक हाय ना गाडीला?"

"ब्रेक?" अण्णा म्हणला. "विलायती ब्रेक हाय. जागच्या जागी उभी ऱ्हाती."

मी म्हणलो, "अण्णा, तेल..."

मी बोललो. पण हळू बोललो. अण्णानं माझ्याकडं बघितलं अन् मी गप झालो. समोरचा माणूस मुलीचा बाप होता. मुलाच्या बापाला तोच सवाल दुसऱ्यांदा करणं म्हणजे त्याच्या शब्दावर शक घेणं, अन् मुलीच्या बापानं ते करायचं नसतं. त्यानं मान हलवली अन् बैलांना चुचकारलं. गिअर टाकून ठेवला असता तरी गाडी थोडी धरून राहिली असती. हे मला आज कळतं. त्या घटकेला अण्णाला सुचलं नाही, अन् मी तर तोंड मिटूनच बसलेलो.

उतारावर दोर सैल पडला. अण्णाचा पाय पॅडलवर फटफट वाजायला लागला. गाडी बैलांच्या मागं लागली, बैल धावले, तो माणूस "हो, हो" करत बाजूला पडला, अन् गाडीचं नाक डाव्या बैलाच्या मागच्या पायावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. बैल हंबरला अन् ओढ्याच्या वाळूत आडवा झाला. गावातनं माणसं पळत आली. त्यांच्या पुढं एक पोरगी होती, नवं पातळ नेसलेली, केसात फूल, पायात काही नाही. ती सरळ वाळूत बसली अन् तिनं बैलाचं मुंडकं मांडीवर घेतलं. तीच मुलगी, जिला बघायला आम्ही आलो होतो. तो बैल तिनं वासरू असल्यापासून वाढवलेला. हरण्या त्याचं नाव. तिनं आमच्याकडं बघितलं नाही.

अण्णा गाडीतनं उतरला. टोपी सरळ केली. सगळं गाव ऐकत होतं. तो म्हणला, "जनावर बुजलं."

मुलीचा बाप वाळूतनं उठत होता, कोपर सोललेलं. तो बैलाकडं बघत राहिला. मग म्हणला, "व्हय. बुजलं आसंल." अन् वळून आमच्यापुढं हात जोडले. "पाव्हणं, उन्हात उभं ऱ्हाऊ नका. घरी चला. आन्न तयार हाय."

आम्ही गेलो. त्यांनी बैलाला चार माणसांनी उचलून दारातल्या लिंबाखाली आणलं, पायाला कामट्या बांधल्या, अन् आम्ही आत सतरंजीवर बसलो. तिनं हात धुतले अन् पोहे आणले. करडीच्या तेलातले, वर शेंगदाणे. ताटली माझ्यापुढं ठेवताना तिच्या मनगटाला हळद लागलेली दिसली, बैलाला लावलेली. बाहेर हरण्या हंबरत होता. मामानं ताटली सरकवली. अण्णानं दोन घास घेतले. मी सगळे खाल्ले. भूक लागली होती म्हणून की नाही म्हणायला तोंड नव्हतं म्हणून, मला आजही सांगता येत नाही. ताटलीत एक दाणा ठेवला नाही मी.

तिची गोष्ट या पोह्यांपाशी आली की उडी मारून पुढं जायची. नातवंडांना तिनं पोहे कधी सांगितले नाहीत. मला आधी वाटायचं विसरली असेल. ती विसरणारी बाई नव्हती.

गाडी ओढ्याकाठी सोडून आम्ही दुसऱ्याच्या बैलगाडीत घरी आलो. अण्णानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी गोठ्यातली आमची जोडी सोडली. माय दारात आली. "आपली पेरणी?" म्हणली. मी म्हणलो, त्यांची झाल्यावर. अण्णा बाजेवर जागाच होता. त्यानं कूस बदलली. ती परवानगी होती की राग, मी विचारलं नाही, अन् तो मरेपर्यंत त्यानं सांगितलं नाही. गाडीच्या शिटावर मात्र तो परत कधी बसला नाही.

मी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलेलं. ती लिंबाखाली हरण्याचा पाय शेकत होती. बाप ओट्यावर बसलेला, एकटा बैल दावणीला. एका बैलानं तिफण ओढवत नाही अन् रानातली ओल कुणासाठी थांबत नाही, हे त्याच्या बसण्यावरनं दिसत होतं. मी जोडी लिंबाला बांधली अन् तिच्याजवळ जाऊन म्हणलो, "बैल बुजला नव्हता. गाडीला ब्रेक नव्हता."

ती शेकतच राहिली. म्हणली, "मोठ्यानं बोला. ऐकू येत न्हाई."

तिला ऐकू गेलं होतं. माझं तोंड तिच्यापासून हातभर होतं. तिला ते ओट्यावरच्या बापाला ऐकू जायला पाहिजे होतं. शेजारच्या बाया कुडाशी उभ्या होत्या. मी मोठ्यानं म्हणलो, "बैल बुजला नव्हता! ब्रेक नव्हता, आमाला ठाऊक व्हतं!"

बाप ओट्यावरनं उतरला. माझ्या बैलांच्या पाठीवर हात फिरवला. "ऐकलं," म्हणला. मग तिला, "च्या टाक गं पाव्हण्याला. मंग औत बाहेर काढू."

त्यांचं रान पेरलं, मग आमचं. त्याच जोडीनं गाडी घरी नेली, या खेपेला उतारावर गिअर टाकून. हरण्या जगला, पण लंगडा. त्यानं परत औत ओढलं नाही. लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. ती म्हणायची, "आमच्या बापानं बैल दिला आन् जावई घेतला, सौदा लय महागात पडला." घरी आल्यावर तिनंच गाडीवरचं गोणपाट काढलं. म्हणली, हिला मोडीत घालू नका, हिचे ब्रेक करा. अन् जाऊन शिटावर बसली. तेव्हापासून आमच्या दारात ब्रेकचं अर्धं काम टाकून गाडी कधी रात्रभर राहिली नाही. त्या एका रात्रीशिवाय.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेक पुण्याहून यायची होती, तिच्यासाठी सगळे थांबलेले. लेकीची माय आत चटईवर होती. अंगणात माणसं बांबू बांधत होती, बाया ओसरीत बसलेल्या. मी उठलो, शेडात गेलो, चाकाचा दगड बघितला, पाना घेतला अन् चौथ्या चाकाखाली शिरलो. पोरगा मागं आला. खाली वाकून म्हणला, "आबा, काय करायलात? लोक बघायलेत. बाहेर या." त्याची मान खाली गेलेली मला चाकाआडून दिसली. ती मान मला ओळखीची होती. तो मागं फिरला.

"दाब," मी म्हणलो.

हळू म्हणलो होतो. मग मोठ्यानं म्हणलो.

"दाब!"

अंगणात बांबू बांधणारे हात थांबले. मी पाना निपलाला लावून तसाच पडून राहिलो. वरून 'दाबलं' असं ऐकू आल्याशिवाय निपल ढिलं करायचं नसतं.